रोजची खांदमळणी

२ सप्टेंबर २००५. दुसऱ्या दिवशी पोळा होता. मी वाटीत लोणी घेऊन त्यात हळद कालवत होते. वर्षभर जू वाहून बैलाचा खांदा टणक होतो, म्हणून पोळ्याच्या आदल्या सांजेला त्यावर हळद-लोणी चोळतात. तीच खांदमळणी. चोळून झालं की बैलाच्या कानाशी म्हणायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

हळद हाताला लागली की दोन दिवस निघत नाही. त्या दिवशी मला ते बरं वाटलं. हाताला काय लागलंय ते दिसतं तरी. त्याआधीचे सात महिने माझ्या हाताला जे लागत होतं ते दिसत नव्हतं.

नांदेडला डॉक्टरांच्या दाराबाहेर बाकावर बसलेल्या एका बाईनं मला हळूच विचारलं होतं, "ताई, सुई चांगली की जेल?" तिच्या मालकांनाही आमच्या मालकांचाच आजार. तेवढ्यात आमचा नंबर आला. तसंही बाकावर बसून देता येईल एवढं ते उत्तर छोटं नव्हतं. म्हणून हे लिहिते.

दाढी

आमचे मालक भगवानराव गोरेगावहून सेनगाव-हिंगोलीला जीप चालवतात. मी गोरेगावात पिठाची गिरणी चालवते. घरची थोडी शेती, एक बैलजोडी, सासूबाई आणि एक मुलगी. १९९७ साली मी चौतीस वर्षांची होते, हे अडतीसचे.

गिरणीला लागून दिगंबरचं केस कापायचं दुकान आहे. एक दिवस तो पीठ न्यायला आला आणि म्हणाला, "वहिनी, भाऊ माझ्यावर रुसले काय? दोन महिने झाले, दाढीला आले न्हाईत."

रात्री जेवताना मी त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. गाल लेकरासारखे गुळगुळीत. दाढी वाढलेलीच नव्हती. मी बायको, आणि दिगंबरला कळलं ते मला कळलं नव्हतं. बाकीचंही सांगून टाकते. वर्षभर त्यांनी मला हात लावला नव्हता. दिवसभर गिरणीवर उभं राहून माझे पाय भरून यायचे, त्यामुळे मला जरा सुटल्यासारखंच झालं होतं. वय झालं, जीप चालवून थकतात, असं मी धरून चालले.

मग महिनाभरात त्यांनी जीप एका बैलगाडीला घासली. गाडी डाव्या हातानं सरळ चाललेली. मागं बसलेला एक जण ओरडला, "भाऊ, झोपून चालवून राहिले काय?"

"न्हाई रे," हे म्हणाले, "गाडी एकदम उगवली."

बैलगाडी एकदम उगवत नाही. दुसऱ्या दिवशी जीप उभी केली आणि मी त्यांना परभणीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. तेव्हा हिंगोली वेगळा जिल्हा झाला नव्हता. मोठं काम निघालं की परभणीच.

डॉक्टरांनी समोर बसून दोन्ही हात बाजूला पसरले, बोटं हलवली आणि विचारलं, "दिसतात?" समोरचं दिसत होतं, दोन्ही बाजूंचं नाही. घोड्याच्या डोळ्यांना झापडं लावतात तसं. मग डॉक्टरांनी विचारलं, "दाढी किती दिवसांनी करता?"

मी चाटच पडले. डोळ्यांचा डॉक्टर दाढीचं विचारतोय! बैलगाडी आणि दाढी या दोन गोष्टी एकाच दोरीला बांधलेल्या आहेत हे त्यांनी दहा मिनिटांत ओळखलं. माझ्या घरात त्या वर्षभर समोरासमोर बसल्या होत्या.

मेन स्विच

परभणीहून आम्हाला हैदराबादला धाडलं. तिथल्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी कागदावर डोकं काढलं आणि मधोमध, नाकाच्या मागे, एक ठिपका दिला. ही ग्रंथी हरभऱ्याएवढी. तिच्यावर बोराएवढी गाठ झालेली. ती वरून डोळ्यांच्या शिरा दाबते, म्हणून बाजूचं दिसत नाही. खालून ग्रंथीला दाबते, म्हणून ग्रंथी अंगाला जे हुकूम सोडते ते बंद पडलेत. पुरुषाच्या अंगात तयार होणारा रसही त्यातलाच. तो आटला की दाढी थांबते, जोर जातो, बायकोची आठवण जाते, कशातच मन लागत नाही.

मी म्हणाले, "म्हणजे मेन स्विच."

डॉक्टर हसले. "हौ अम्मा, बराबर बोले. मेन स्विचइच समझो."

माझं इतक्या वर्षांचं काम जात्याशी आणि मोटारीशी. मोठं यंत्र छोट्या वस्तूवर चालतं हे मला माहीत होतं. पण माणसाचं असं असेल, हसणं, भांडणं, भूक, दाढी, सगळं एका हरभऱ्याच्या दाण्यावर तोललेलं, हे कधी मनात आलं नव्हतं. त्या रात्री वॉर्डात त्यांच्या कॉटखाली चटई टाकून पडले आणि स्वतःच्या नाकाला हात लावून पाहिलं. माझ्याही आत तो दाणा होता. चौतीस वर्षं न सांगता काम करत होता.

गाठ नाकातून काढणार होते. घरी फोन केला तर सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, ओरडल्या, "नाकातून मेंदू बी ओढून काढतील ना!" मी म्हणाले, "न्हाई काढत, लक्ष देते मी." दुसरं काय बोलणार? गिरणीला कुलूप होतं, पोरगी पंधरा वर्षांची, आणि दाराबाहेर माझा अंगठा मागायला कागद आलेला. मी सही केली. अंगठा लावत नाही म्हटल्यावर त्या माणसानं माझ्याकडे दोनदा पाहिलं.

एकोणीस दिवस तिथं होतो. पहाटे पाचला झाडू, सहाला ताप पाहणं, सातला पातळ चहा. वॉर्डातल्या आया शाहीनबी मला स्वतःच्या डब्यातली खिचडी द्यायच्या आणि वर रागवायच्या, "तुम गिर गए तो उन्हें कौन देखींगा?" माझी भीती मी कामाला लावली. पाणी किती प्यायले, लघवी किती झाली, सगळं मोजून सिस्टरला सांगायचे.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी यांच्या नाकात बोळे, तोंड सुजलेलं. सिस्टर कॉटच्या उजव्या बाजूला उभी होती. मान न वळवता हे म्हणाले, "यांच्या हातात घड्याळ हाये."

मी खाली बसले. कडेचं जग परत आलं होतं, आणि आलं ते एका मनगटी घड्याळापासून.

गोरेगाव, सेनगाव, हिंगोली

डोळे परत आले, ग्रंथी नाही. दाबून दाबून ती निकामी झाली होती. आता काही गोळ्या रोज आणि त्या पुरुषी रसाची सुई दर तीन आठवड्यांनी, जन्मभर.

सहा फुटी माणूस, रस्त्यावर कोणालाही वाट सोडत नाही, पण सुई पाहिली की घाम फुटायचा. आणि ही सुई जाड, औषध तेलासारखं घट्ट. पहिल्या दोन सुया गावातल्या कंपाउंडरनं दिल्या.

दुसऱ्या सुईनंतर चारपाच दिवसांनी दिगंबर साबणाच्या हातानं धावत गिरणीत आला. "वहिनी, या लवकर! मोटार बंद करा!" मी पट्टा थांबवला आणि गेले. हे खुर्चीत मान वर करून बसलेले. दिगंबरनं गालावरून वस्तरा ओढला. खर्र, खर्र.

"आलं का ऐकू?" दिगंबर म्हणाला.

आलं. गिरणीत दळण घेऊन आलेल्या दोन बाया माझ्या मागं येऊन उभ्या राहिल्या. कशाचं कौतुक चाललंय ते त्यांना कळेना. मला मात्र तिथून हलवेना. दोन शिश्या तेल, आणि बंद पडलेलं शेत उगवलं होतं.

कंपाउंडरचं तोंड मात्र आवरलं नाही. सुई कशाची ते जीपच्या अड्ड्यावर पोचलं. एक जण म्हणाला, "भगवानभाऊ, आज टाकी फुल्ल करून आले वाटते!" हे हसले, घरी आले आणि पुढच्या सुईला गेलेच नाहीत. पाच आठवड्यांत माणूस वाळला. बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडायचे. डोळ्यांतलं पाणी पुसायचे आणि का आलं ते स्वतःलाच सांगता यायचं नाही.

मी सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरकडे गेले. त्यांनी मला मोसंबीवर सुई टोचायला शिकवली, मग कुल्ल्याचा कोणता भाग ते स्वतःच्या अंगावर बोट ठेवून दाखवलं. आठ मोसंब्या टोचल्या. नवव्यांदा भगवानराव.

त्यांनी दाराची चौकट धरली आणि मोठ्यानं जीपचे थांबे म्हणायला लागले. "गोरेगाव... सेनगाव..." तेल हळूहळूच ढकलावं लागतं. "हिंगोली!" ते ओरडले तेव्हा मी सुई काढली. पुढं सात वर्षं हाच मंत्र.

सुईचा गुण मी पाहिलाय, त्यामुळे तिची निंदा करणार नाही. पण तिची खोड सांगते. पहिल्या आठवड्यात व्होल्टेज चढलेलं. गाणी म्हणायचे, सवारीशी भांडायचे, तीन भाकरी जास्त खायचे. दुसरा आठवडा सरळ. तिसऱ्यात दिवा मिणमिणायचा. संगीता, आमची मुलगी, कॅलेंडर पाहून वडिलांना कॉलेजचं विचारायची. तिसऱ्या आठवड्यात त्यांना "हो" म्हणायचाही कंटाळा यायचा. माझा नवरा मला दर महिन्यात दहा दिवस हरवायचा.

जेल

जानेवारी २००५ मध्ये नांदेडच्या डॉक्टरांनी जेलची पुडी दाखवली. नवीनच येऊ लागलं होतं, महाग होतं. रोज सकाळी खांद्याला लावायचं, कातडीतून आत जातं. सुई नाही म्हटल्यावर हे तिथल्या तिथं पुडी कपाळाला लावून मोकळे झाले.

डॉक्टरांनी सगळं नीट सांगितलं होतं. अंघोळ करा, खांदा कोरडा करा, चोळा, वाळू द्या, सदरा घाला, हात साबणानं धुवा. पण हे सांगताना ते यांच्याकडे पाहत होते, आणि आम्ही दोघांनी त्यातला एकच शब्द घरी आणला. चोळा. आमच्या घरात चोळायचं काम कोणाचं? बैलाचा खांदा मीच मळते, लेकराला तेल मीच लावते. पुडी फोडायची, तळहातावर घ्यायचं, दोन्ही खांद्यांवर चांगलं जिरेपर्यंत चोळायचं. मग तोच हात पदराला पुसून गिरणीवर. जेल लगेच वाळायचं, हात कोरडा दिसायचा. कशाला धुवा?

आत्याबाई ओसरीवरून पाहायच्या. "वर्षातून एकदा बैलाची, अन् माझ्या लेकाची रोजच खांदमळणी! पोळ्याला झूल बी घाल त्याला."

हे म्हणायचे, "शिंगं रंगवू नको म्हणाव."

जेलनं जे केलं ते पाहून मी थक्क झाले. चढ नाही, उतार नाही. स्टॅबिलायझर बसवल्यासारखा माणूस. सोमवारी होते तसेच शनिवारी. मार्चमध्ये मी कॅलेंडरवरच्या खुणा करणं सोडून दिलं. आठ वर्षांनी घरात रोज तोच नवरा होता.

मे महिन्यात संगीता दुसऱ्या बाळंतपणासाठी माहेरी आली. तिची दोन वर्षांची छकुली आजोबांच्या खांद्यावरून उतरेना. हे सकाळी बनियनवर असायचे, छकुली उघड्या खांद्याला गाल लावून बसायची.

आणि मला मुरुम आले. बेचाळिसाव्या वर्षी. मग हनुवटीवर दोनचार राठ केस. मी चिमट्यानं उपटले, ते वाढूनच आले. पाळी दोन महिने चुकली, मी म्हटलं वय. आवाज घोगरा झाला, मी म्हटलं पिठाची धूळ. आत्याबाई म्हणाल्या, "सुनबाई, तुला मिशा फुटून राहिल्या." मी म्हणाले, "गिरणी चालवायला लागतात."

ऑगस्टच्या शेवटी यांची तपासणी होती. डॉक्टरांनी यांचे रिपोर्ट पाहिले, "छान," म्हणाले, आणि मान वर केली ती माझ्याकडे. बराच वेळ.

"ताई, जेल कोण चोळतं?"

"मीच," मी म्हणाले. ताठ मानेनं.

"हातमोजे घालून?"

"न्हाई."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "घरात लहान मूल आहे?"

यांचा चेहरा उतरला. "नात हाय. खांद्यावरच असते."

"आणि कोणी गरोदर?"

"पोरगी," मी म्हणाले. "बाळंतपणाला आली हाय."

तेव्हा मला कळलं. जे औषध त्यांच्या गालावर दाढी उगवत होतं तेच माझ्या तळहातातून आत शिरून माझ्या हनुवटीवर उगवलं होतं. वास नाही, रंग नाही, डाग नाही. बैलाच्या खांद्यावरची हळद चोळणाऱ्या हातालाही लागते हे मला लहानपणापासून ठाऊक. हे मात्र सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं संगीता आणि छकुलीला घेऊन परत नांदेड. यांनी जीप काढलीच नाही, आमच्याबरोबर गाडीत बसले. छकुली खांद्यावर यायला रडत होती आणि हे दोन्ही हात पाठीमागं बांधून बसलेले. "आजोबा, वल! आजोबा, वल!" वर घ्या म्हणत होती. संगीता पोटावर हात ठेवून खिडकीबाहेर पाहत राहिली. माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मला ते बरोबरच वाटलं.

छकुलीला तपासलं, रक्त पाहिलं, संगीताचीही तपासणी झाली. निकाल यायला दोन दिवस लागले. ते दोन दिवस मी दळण कसं दळलं मला आठवत नाही. एकीचा गहू दुसरीच्या ज्वारीत गेला एवढं आठवतं. मग डॉक्टरांनी सांगितलं, दोघींना काही झालेलं नाही, वेळेवर कळलं. माझंही थांबेल. केस जायला वेळ लागेल, आवाज कदाचित थोडा जाड राहील.

राहिला. गिरणीच्या आवाजावरून हाक मारायला बरा पडतो.

काय चांगलं

डॉक्टर म्हणाले, जेल बंद करायलाच हवं असं नाही. ज्यानं वापरायचं त्यानंच लावावं, हात धुवावेत, खांदा सदऱ्यानं झाकावा, लेकराला घेण्याआधी लावलेली जागा धुवावी. पुष्कळ घरांत नीट चालतं.

मी यांच्याकडे पाहिलं. सात महिने सुई नव्हती. मला वाटलं हे म्हणतील, सदरा घालतो.

"पोरगी झोपेतून उठून सरळ येते," हे म्हणाले. "तिला रोज सकाळी 'थांब, आजोबाला हात लावू नको' म्हणू? सुई द्या."

"तिसरा आठवडा आठवतो ना?" मी म्हणाले.

"आठवते. सुई द्या."

मला तो तिसरा आठवडा परत नको होता. मी डॉक्टरांना म्हणाले, "जात्याच्या तोंडात एकदम पायली ओतली तर आधी चोंदते, मग रिकामं फिरते. थोडं थोडं टाकलं तर पीठ एकसारखं पडते. सुईचं तसं करता येत न्हाई काय?"

डॉक्टर हसले. "येतं. अर्धा डोस, दर दहा दिवसांनी. मीच सुचवणार होतो. पण टोचणं दुप्पट."

"टोचंना का," हे म्हणाले, आणि त्यांच्या कपाळाला घाम आला.

तर बाकावरच्या त्या ताईंना माझं उत्तर असं. दोन्ही चांगली. सुई एका माणसाच्या अंगात राहते, पण चढ-उतार आणते, आणि तिला धीर लागतो. जेल सरळ रेघेत चालवतं, पण ते घरभर फिरतं, त्याला शिस्त लागते. तुमच्या घरात नवरा-बायको दोघंच असाल आणि त्यांचे हात त्यांना धुता येत असतील, तर जेल घ्या. पण डॉक्टर सांगत असताना तुम्हीही ऐका, आणि काय ऐकलं ते दाराबाहेर जाण्याआधी परत म्हणून दाखवा. आम्ही ते केलं नाही.

आवतण

तर पोळ्याच्या आदल्या सांजेला मी गोठ्यात पाखऱ्या आणि हरण्याचे खांदे मळले. हे शेजारी उभे, पूर्ण बाह्यांचा सदरा घालून, आणि त्यांच्या खांद्यावर छकुली. जेल बंद करून चार दिवस झाले होते, खांदा दोनदोनदा धुतलेला, तरी हे सदरा काढायला तयार नव्हते. आत्याबाईंनी बैलांच्या कानाशी आवतण दिलं.

माझा हात पिवळाच होता. मी यांच्या सदऱ्यावर, खांद्याच्या खाली, एक पिवळा पंजा उमटवला.

"आज आवतण घ्या," मी म्हणाले, "उद्या सुई घ्यायला या."

आत्याबाई म्हणाल्या, "बैल तरी खुशीनं येतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुरणाची डाळ चुलीवर चढवली, साबणानं हात दोनदा धुतले आणि औषध भरलं. शिशीतलं अर्धंच. यांनी चौकट धरली. संगीता छकुलीला कडेवर घेऊन दारात उभी राहिली, आणि पाच दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे पाहून हसली.

"गोरेगाव..." यांनी सुरू केलं. "सेनगाव..."

मी सुई काढली आणि कापूस दाबला.

"उतरा," मी म्हणाले. "आजपासून गाडी इथपर्यंतच."